चार पर्यायांमधले चुकीचे तीन

सेट, नेट आणि पेट. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत या तिघींपैकी एक तरी उभी असते. नावं वेगळी असली तरी पद्धत एकच आहे. एक प्रश्न, चार पर्याय, त्यातला एक बरोबर. तुम्ही सध्या या परीक्षांची तयारी करत असाल तर दिवसाला शंभर-दीडशे असे प्रश्न सोडवत असाल. आज मी तुम्हाला एक वेगळं काम सांगणार आहे. बरोबर पर्याय थोडा वेळ बाजूला ठेवा आणि उरलेल्या तिघांकडे बघा. बहुपर्यायी प्रश्न चांगला की टाकाऊ हे ते तिघंच ठरवतात.

ओळख थोडक्यात सांगते. मी एमएस्सी रसायनशास्त्रात केली आणि आता पीएचडी विज्ञानशिक्षणात करते आहे. विद्यार्थी चुकतात ते नेमकं कुठे आणि का, हा माझा विषय. राहते मासवणला. पालघर-मनोर रस्त्यावरचं, सूर्या नदीकाठचं आमचं गाव. वसई-विरारला जाणाऱ्या सूर्येच्या पाण्याचा एक भाग इथल्या पंपिंग स्टेशनमधून उचलला जातो, तेव्हा नळ उघडताना आमच्या गावाची आठवण ठेवायला हरकत नाही. या लेखातली उदाहरणं मी मुद्दाम इथलीच घेतली आहेत.

आधी या परीक्षेची बाजू

"ऑब्जेक्टिव्ह म्हणजे नुसती घोकंपट्टी" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ही पद्धत आली कशामुळे ते बघा. १९१२-१३मध्ये स्टार्च आणि एलियट या दोघांनी अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एकच लिहिलेली उत्तरपत्रिका त्यांनी अनेक शाळांतल्या शिक्षकांना तपासायला पाठवली. भूमितीच्या पेपरला काहींनी शंभरपैकी तीससुद्धा दिले नाहीत, तर काहींनी नव्वदच्या पुढे दिले. भूमितीत, जिथे उत्तर बरोबर की चूक यावर वाद नसतो असं आपण धरून चालतो! त्याच दशकात फ्रेडरिक केली यांनी कॅन्ससमध्ये ठरावीक उत्तरांची वाचनचाचणी तयार केली. १९१७पासून अमेरिकी सैन्याने लाखो जवानांची चाचणी अशाच प्रश्नांनी घेतली. १९३८मध्ये आयबीएमचं उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बाजारात आलं. तिथून आपल्या ओएमआर शीटपर्यंतची वाट सरळ आहे.

ओएमआर यंत्राला तुमचं आडनाव, अक्षर, गाव आणि कॉलेज दिसत नाही. आश्रमशाळेतून शिकून आलेल्या मुलीचा काळा केलेला गोल आणि मुंबईतल्या नामांकित कॉलेजच्या मुलीचा गोल यंत्राला सारखाच. पालघरसारख्या जिल्ह्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ही गोष्ट लहान नाही.

एमपीएससीचं उदाहरण तर ताजं आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचा निर्णय आयोगाने २०२२मध्ये जाहीर केला. २०२३च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारीत आयोगाने तो बदल २०२५पर्यंत पुढे ढकलला. त्यातल्या अनेकांची मागणी एवढीच होती की तयारीला वेळ द्या. लेखन शिकवणारं कोणी जवळ नसेल तर वर्णनात्मक पेपर आपोआप न्याय्य होत नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

म्हणजे माझी तक्रार पद्धतीबद्दल नाही. प्रश्न कसे रचले जातात आणि त्या गुणांवर काय काय लादलं जातं, याबद्दल आहे.

एकाच विषयाचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न:

पीएच ही संकल्पना कोणी मांडली?
(अ) अऱ्हेनियस (ब) सोरेनसन (क) ऑस्टवाल्ड (ड) लुईस

उत्तर सोरेनसन, १९०९. माहीत असेल तर पाच सेकंदांत दोन गुण. माहीत नसेल तर तासभर डोकं खाजवूनही उपयोग नाही, कारण यात विचार करण्यासारखं काहीच नाही.

दुसरा प्रश्न:

नदीच्या पाण्याच्या एका नमुन्याचा पीएच ७ आहे आणि नाल्यातल्या नमुन्याचा ५. नाल्याच्या पाण्यात हायड्रोजन आयनांची संहती नदीच्या तुलनेत किती?
(अ) २ पट (ब) २० पट (क) १०० पट (ड) शंभरावा भाग

उत्तर १०० पट. आता चुकीचे तीन बघा. 'अ' निवडणाऱ्याने सातातून पाच वजा केले. पीएचची पट्टी लॉगॅरिदमची असते हे त्याला माहीतच नाही. 'ब' निवडणाऱ्याला दहाचा काहीतरी संबंध आहे एवढं आठवतं, पण तो दहाचा घात करण्याऐवजी दहाला दोनने गुणतो. 'ड' निवडणाऱ्याला लॉगॅरिदम येतो, फक्त सूत्रातलं उणे चिन्ह निसटलंय. तिघांनाही शून्य मिळेल, पण तिघांचे आजार वेगळे आणि औषधंही वेगळी.

समजा शंभर जणांच्या वर्गात 'अ'ला तीस, 'ब'ला वीस, 'क'ला पंचेचाळीस आणि 'ड'ला पाच मतं पडली. उद्याच्या तासाला काय शिकवायचं हे शिक्षकाला आजच कळलं. पहिल्या प्रश्नात पंचावन्न जण चुकले असते तर त्यातून काय कळलं असतं? पंचावन्न जणांना एक नाव आठवलं नाही, एवढंच.

चुकीच्या पर्यायाला इंग्रजीत डिस्ट्रॅक्टर म्हणतात. मी त्याला 'चकवा' म्हणते. रानातला चकवा माणसाला ओळखीच्या वाटेनेच भरकटवतो. चांगला चकवा पर्यायही तसाच असतो. विद्यार्थी खरोखर ज्या वाटेने चुकतो, त्याच वाटेवर तो उभा असतो.

याचा उत्तम नमुना भौतिकशास्त्रात आहे. १९९२मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिचे प्रश्न साधे, जवळजवळ आकडेमोड नसलेले. पण चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्या गैरसमजांतून उचललेले. वर फेकलेली वस्तू वर जात असताना तिच्यावर वरच्या दिशेने बल असतं, हा त्यातलाच एक गैरसमज. हार्वर्डमध्ये एरिक मॅझूर यांनी ही चाचणी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा अवघड गणितं सोडवणारी मुलंही तिथे अडखळली. आपली शिकवण्याची पद्धत त्यांनी त्यानंतर बदलली. चार-पाच पर्यायांच्या चाचणीने एका प्राध्यापकाचं शिकवणं बदललं, ते चकव्यांच्या जोरावर.

प्रश्नाची तपासणी कशी होते?

हे तंत्र संशोधन करताना तुमच्याही कामाला येईल, म्हणून आकड्यांसकट सांगते. दोन निर्देशांक पुरेसे आहेत.

पहिला काठिण्य निर्देशांक. किती जणांनी बरोबर उत्तर दिलं त्याचं प्रमाण. शंभरातले पंचेचाळीस बरोबर असतील तर ०.४५. गंमत अशी की नाव काठिण्य असलं तरी आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा.

दुसरा भेदक निर्देशांक. एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के विद्यार्थी वेगळे काढायचे. (२७च का, तर ट्रुमन केली या संख्याशास्त्रज्ञाने १९३९मध्ये ही विभागणी सर्वांत उपयोगी ठरते असं दाखवलं. वरचे फ्रेडरिक केली वेगळे, हे वेगळे.) शंभरांत वरचे २७ आणि खालचे २७. समजा वरच्यांतल्या २१ जणांचं उत्तर बरोबर आलं आणि खालच्यांतल्या ६ जणांचं. फरक १५, भागिले २७, म्हणजे ०.५६. साधारण ०.४च्या वर असेल तर प्रश्न चांगला मानतात, ०.२च्या खाली असेल तर दुरुस्त करायचा किंवा काढून टाकायचा.

आता दुसरा प्रश्न घ्या. वरच्यांतले १० बरोबर आणि खालच्यांतले १३. निर्देशांक उणे आला. अभ्यास केलेले चुकतात आणि न केलेले बरोबर येतात, म्हणजे घोटाळा प्रश्नातच आहे. एकतर उत्तरतालिका चुकली आहे, किंवा दुसरा एखादा पर्यायही बरोबर आहे आणि तो फक्त खोलवर वाचणाऱ्यालाच दिसतो.

तिसरी गोष्ट चकव्यांची हजेरी. एखादा पर्याय पाच टक्क्यांहून कमी जण निवडत असतील, तर तो नुसता जागा भरतोय. 'वरीलपैकी सर्व', 'यापैकी नाही' हे त्यातले नेहमीचे पाहुणे. असे दोन पर्याय एका प्रश्नात आले की चार पर्यायांचा प्रश्न प्रत्यक्षात दोन पर्यायांचा होतो आणि अंदाज बरोबर येण्याची शक्यता पंचवीसवरून पन्नास टक्क्यांवर जाते. २००५मध्ये मायकेल रॉड्रिग्ज यांनी ऐंशी वर्षांतल्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं आणि निष्कर्ष काढला की बहुतेक वेळा तीन पर्याय पुरतात. चौथा पर्याय ओढूनताणून लिहिण्यापेक्षा दोन चकवे नीट लिहा, असा त्याचा अर्थ.

माझी पहिली ठोस टीका इथे आहे. आपल्याकडे परीक्षेनंतर उत्तरतालिका जाहीर होते, हरकती मागवल्या जातात. हे चांगलंच आहे. पण कोणता पर्याय किती जणांनी निवडला, प्रश्नाचा भेदक निर्देशांक किती आला, ही माहिती तालिकेसोबत येत नाही. संगणकाला ती काढायला काही सेकंद लागतात. ती प्रसिद्ध झाली तर टाकाऊ प्रश्न लपणार नाहीत आणि पुढच्या वर्षीचा प्रश्नकर्ता सावध होईल.

अंदाजाचं गणित

सेट आणि यूजीसी नेट या दोन्हींत उणे गुण नाहीत. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १००चा, प्रत्येकी दोन गुण. एखाद्याला दीडशेपैकी ५० प्रश्न खरोखर येतात आणि उरलेल्या १०० प्रश्नांना तो डोळे मिटून गोल काळे करतो असं धरा. सरासरीने त्यातले २५ बरोबर येतील. एकूण ७५, म्हणजे ५० टक्के गुण. एक तृतीयांश ज्ञान कागदावर निम्मं दिसतं.

सीएसआयआर नेटमध्ये बहुतेक विषयांत चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या गुणांचे २५ टक्के कापले जातात. एक गुणाचा प्रश्न धरून हिशेब करा. आंधळ्या अंदाजाचं अपेक्षित मूल्य: एक चतुर्थांश वेळा १ गुण मिळणार आणि तीन चतुर्थांश वेळा ०.२५ जाणार. ०.२५ वजा ०.१८७५, म्हणजे अधिक ०.०६२५. शून्य यायला कपात एक तृतीयांश हवी होती. आणि दोन पर्याय बाद करता आले तर हेच मूल्य ०.३७५ होतं.

हे गणित कोचिंग क्लासमध्ये पहिल्या आठवड्यात सांगतात. गावात एकट्याने अभ्यास करणारी मुलगी मात्र 'निगेटिव्ह मार्किंग' हे शब्द वाचून प्रश्न कोरे सोडून येते. दोघींचं रसायनशास्त्र सारखं असू शकतं, गुण मात्र वेगळे पडतात. आणि तो फरक धाडसाचा आणि फीचा असतो.

गुणतालिका कशासाठी आणि वापरतो कशासाठी?

सेट-नेटमध्ये परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्के पात्र ठरवले जातात. म्हणजे किमान गुणांची अट ओलांडली तरी तुम्हाला किती येतं यापेक्षा तुमच्या पुढे किती जण आहेत हे महत्त्वाचं ठरतं. परीक्षेचं काम क्रमवारी लावण्याचं. क्रमवारी लावायची तर अवघड प्रश्न हवेत, आणि अवघड प्रश्न रचायची आळशी वाट एकच: कोणाच्या लक्षात नसेल असा तपशील विचारायचा. साल, समितीचं नाव, जोड्या लावा. असे प्रश्न क्रमवारी लावतात खरी, पण ती स्मरणशक्तीची असते.

इथपर्यंतही चाललं असतं. पण २०२४मध्ये यूजीसीने नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठी वापरायची मुभा दिली. जेआरएफ वगळता बाकीच्या दोन गटांसाठी सूत्र आहे ७० टक्के नेटचे गुण आणि ३० टक्के मुलाखत. २०२२च्या पीएचडी नियमावलीत विद्यापीठांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेलाही ७०:३० हेच प्रमाण आहे, फक्त त्या परीक्षेत निम्मा भाग संशोधनपद्धतीचा हवा अशी अट आहे. अट उत्तम आहे. पण संशोधनपद्धती विचारतात कशी? 'खालीलपैकी कोणती संभाव्यता नमुना पद्धत नाही?' पर्यायांत यादृच्छिक, स्तरित, गुच्छ आणि स्नोबॉल. उत्तर पाठ करून येतात, गुण मिळवतात, आणि पुढे प्रबंधात 'यादृच्छिक नमुना निवडला' असं लिहून ओळखीच्या चार कॉलेजांत गुगल फॉर्म फिरवतात.

बहुपर्यायी प्रश्नातूनही यापेक्षा चांगलं विचारता येतं. हा माझा प्रयत्न:

मासवणमधले किती प्रौढ बोईसरच्या कंपन्यांत कामाला जातात, हे एका संशोधकाला शोधायचं आहे. तो मतदारयादीवरून यादृच्छिक पद्धतीने घरं निवडतो. सोमवार ते शुक्रवार, सकाळी ११ ते १ या वेळेत जातो आणि जो प्रौढ घरी भेटेल त्याला फक्त 'तुम्ही कंपनीत जाता का?' असं विचारतो. या अभ्यासातली मुख्य अडचण कोणती?
(अ) घरं यादृच्छिक निवडल्यामुळे मोठी अडचण नाही
(ब) आणखी घरं घेतली की निष्कर्ष बरोबर येईल
(क) दिवसपाळीला गेलेले लोक भेटणारच नाहीत, त्यामुळे प्रमाण कमी दिसेल
(ड) प्रश्न हो-नाही स्वरूपाचा आहे, त्यामुळे टक्केवारी काढता येणार नाही

'यादृच्छिक' शब्द आला की सगळे दोष धुऊन निघतात, असं मानणारा 'अ'वर जाईल. मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना असं मानणारा 'ब'वर. प्रत्यक्षात तीच चूक दुप्पट घरांत केली तर आपण फक्त दुप्पट आत्मविश्वासाने चुकतो. आकडेवारीच्या प्रकारांत गोंधळ असलेला 'ड'वर जाईल. हा प्रश्न पाठ करून सुटत नाही. असा एक प्रश्न रचायला वेळ लागतो, गावातल्या पाळ्या माहीत असाव्या लागतात आणि विद्यार्थ्यांच्या चुका ऐकलेल्या असाव्या लागतात.

तरीही यातली मर्यादा लपवत नाही. या अभ्यासात अडचण आहे, हे मी तुम्हाला प्रश्नातच सांगून टाकलं. खऱ्या कामात ते कोणी सांगत नाही. सूर्येच्या पाण्याचा नमुना घ्यायचा तर कवडासच्या खाली घ्यायचा की मासवणजवळ, धामणी धरणातून पाणी सोडल्यावर घ्यायचा की आधी, पावसाळ्यात की मे महिन्यात? तारापूर औद्योगिक वसाहतीकडून खाडीला मिळणाऱ्या नाल्याचा नमुना भरतीला घेतला तर समुद्राच्या पाण्याने पातळ झालेला मिळेल, ओहोटीला वेगळा. यातलं काय महत्त्वाचं, हे ठरवणं हाच संशोधनाचा पहिला दिवस असतो. तिथे चार पर्याय समोर मांडून कोणी बसलेलं नसतं. समोर आलेलं ओळखणं आणि नसलेलं सुचणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिल्याला ७० गुण आणि दुसऱ्याला, तेही मुलाखतीत कोणी विचारलं तर, ३०मधले काही. हे प्रमाण मला उलटं वाटतं.

यावर कोणी म्हणेल, हजारो उमेदवारांची अशी परीक्षा घेणार कशी? आपल्याच राज्यात याचं उत्तर आहे. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना सहावी आणि नववीसाठी डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. आधी बहुपर्यायी लेखी परीक्षा. त्यातून निवडलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा. शेवटी कृतिसंशोधन प्रकल्प आणि मुलाखत. बहुपर्यायी पेपर तिथे चाळणीचं काम करतो आणि बाजूला होतो. बारा वर्षांच्या मुलाकडून आपण प्रयोग करून घेतो, प्रकल्प मागतो, आणि पीएचडीला येणाऱ्या पंचविशीतल्या माणसाकडून मात्र मुख्यतः गोल काळे करून घेतो. पात्रतेपुरता बहुपर्यायी पेपर ठेवा, त्याचे गुण पुढे नेऊ नका, आणि पात्र ठरलेल्यांना दोन तासांत एक छोटा अभ्यास आखायला सांगा. उत्तरपत्रिकेवर नाव नको आणि तपासणारे दोघं हवेत, म्हणजे स्टार्च-एलियट यांनी दाखवलेला धोकाही कमी होईल. खर्च वाढेल हे खरं. पण चुकीचा विद्यार्थी निवडला आणि योग्य विद्यार्थी बाहेर राहिला, तर पाच वर्षांचा खर्च कोण मोजतो?

तोपर्यंत तुम्ही काय करायचं?

परीक्षा उद्या बदलणार नाही, आणि तुम्हाला ती द्यायचीच आहे. म्हणून तीन गोष्टी.

एक. प्रश्नसंच सोडवून नुसते गुण मोजू नका. २००५मध्ये रोडिगर आणि मार्श यांनी दाखवलं की बहुपर्यायी चाचणी दिल्याने पुढे आठवायला मदत होते, पण वाचलेले चुकीचे पर्याय डोक्यात राहतात आणि नंतर बरोबर म्हणून बाहेर येतात. उत्तरं लगेच तपासली तर हा धोका कमी होतो, हेही पुढच्या अभ्यासात दिसलं. तेव्हा संच सोडवला त्याच बैठकीत तपासा.

दोन. प्रत्येक प्रश्नाच्या चुकीच्या तीन पर्यायांपुढे एकेक ओळ लिहा: हा चूक का, आणि कोणाला बरोबर वाटेल? दिवसाला शंभर प्रश्नांऐवजी तीसच होतील. होऊ द्या.

तीन. अंदाजाचं वरचं गणित समजून घ्या आणि ज्याला क्लास परवडत नाही अशा एका तरी मित्राला सांगा.

आणि संशोधनाचीच तयारी करायची असेल तर आठवड्यातून एक बहुपर्यायी प्रश्न स्वतः रचा, तुमच्या विषयावर. बरोबर उत्तर दोन मिनिटांत लिहून होईल. मग तीन चकवे लिहायला बसा. दुसरा माणूस कुठे चुकेल हे कळण्यासाठी तुम्हाला कोणाला तरी विचारावं लागेल, त्याचं ऐकावं लागेल, लिहून ठेवावं लागेल. तिसरा चकवा सुचेना म्हणून तुम्ही धाकट्या भावाला किंवा मेसमधल्या मैत्रिणीला प्रश्न विचारायला गेलात, की तुमच्या वहीत पहिली नोंद झालेली असेल. तिच्यावर तारीख घाला.